एका आकड्याची गोष्ट: पॅरिसची शाळा ते आत्याचं कपाट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आज लोकलमध्ये इयरफोन विसरलेत, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जसं बोललो तसंच बहुतेक ठेवलंय, तेव्हा भाषा थोडी गप्पांची वाटली तर चालवून घ्या.

आजची गोष्ट माझ्या घरातून सुरू होते, मग पॅरिसला जाते, अमेरिकेला जाते, आणि धारवाड-नागपूरमार्गे परत माझ्या घरी येते.

गेल्या महिन्यात आत्याचा फोन आला. "अरे, दादाचं ते नवीन कार्ड ऑनलाइन काढायचं म्हणतात. मला त्यातलं काही कळत नाही. रविवारी येतोस का?" दादा म्हणजे माझा आतेभाऊ. आता चाळिशीचा आहे. त्याला बौद्धिक अक्षमता आहे. कार्ड म्हणजे युडीआयडी, दिव्यांग व्यक्तींसाठीचं सरकारी ओळखपत्र.

मी गेलो. आत्यानं कपाटातून पत्र्याची पेटी काढली. त्यात दादाचं २००३ सालचं प्रमाणपत्र होतं: मतिमंदत्व, सौम्य, कायमचं अपंगत्व ५० टक्के. त्याखाली १९९१ सालचा, घडी पडून फाटायला आलेला एक कागद होता. दादा तेव्हा सहा वर्षांचा. त्यावर लिहिलं होतं: बिने-कामत चाचणी. मानसिक वय साडेतीन वर्षं. बुद्ध्यांक ५८.

"हा कागद शाळेनं मागितला होता," आत्या म्हणाली. "मी नेऊन दिला. बाईंनी बघितला आणि म्हणाल्या, इथे नाही जमणार, बाकीचे पालक तक्रार करतील."

मी घरी येताना बसमध्ये विचार करत होतो. हा बिने कोण? हा कामत कोण? आणि ५८ हा आकडा एवढा मोठा कसा झाला, की त्यानं सहा वर्षांच्या मुलाला शाळेच्या फाटकाबाहेर ठेवावं?

शोधायला लागलो, आणि जे सापडलं ते उलटंच निघालं. ही चाचणी शाळेचं दार बंद करायला बनवलेलीच नव्हती.

पॅरिस, १९०५

फ्रान्समध्ये १८८१-८२ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. सक्ती आली की सगळीच मुलं वर्गात येतात. त्यात काही अशी होती ज्यांना बाकीच्यांच्या वेगानं शिकता येत नव्हतं. यांचं काय करायचं? १९०४ मध्ये सरकारनं एक आयोग नेमला. त्यात आल्फ्रेड बिने नावाचे मानसशास्त्रज्ञ होते.

बिने यांना एक भीती होती. कुठल्या मुलाला जादा मदत लागेल हे नुसतं शिक्षकांच्या मतावर सोडलं, तर काय होईल? वर्गात त्रास देणाऱ्या पोराला 'मठ्ठ' ठरवून बाहेर काढलं जाईल. आपल्याकडेही हे होतंच की. म्हणून त्यांनी थिओडोर सिमों या तरुण डॉक्टरच्या मदतीनं १९०५ मध्ये ३० छोट्या कसोट्या तयार केल्या. पहिली कसोटी काय होती माहितीये? पेटलेली काडी डोळ्यांसमोरून हलवायची आणि मूल तिच्याकडे बघतं का ते पाहायचं. मग चित्रातली वस्तू ओळखणं, दोन रेघांतली मोठी कुठली ते सांगणं, आकडे ऐकून परत म्हणणं, असं सोप्याकडून अवघडाकडे. १९०८ मध्ये त्यांनी या कसोट्या वयानुसार लावल्या. तिथून 'मानसिक वय' ही कल्पना आली.

पण बिने तिथेच थांबले नाहीत. अशा मुलांच्या वर्गासाठी त्यांनी मनाचे व्यायाम सुचवले. त्यातला एक म्हणजे चक्क आपला 'स्टॅच्यू'! शिक्षकांनी इशारा केला की सगळ्यांनी जिथल्या तिथे थिजायचं. लक्ष एकाग्र करायची सवय लागावी म्हणून. बुद्धी म्हणजे जन्मतः मिळालेला ठरीव साठा, तो वाढतच नाही, असं म्हणणाऱ्यांवर बिने यांनी १९०९ च्या पुस्तकात कडक टीका केली. त्यांचं म्हणणं साधं होतं: मोजायचं कशासाठी, तर कुठून शिकवायला सुरुवात करायची ते कळावं म्हणून.

१९११ मध्ये बिने गेले. पुढच्याच वर्षी विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञानं मानसिक वयाला खऱ्या वयानं भागायची युक्ती काढली. १९१६ मध्ये अमेरिकेत लुईस टर्मन यांनी त्या भागाकाराला १०० नं गुणलं. झाला बुद्ध्यांक. साडेतीन भागिले सहा, गुणिले शंभर: ५८. दादाचा आकडा असा आला. ज्याच्या नावानं चाचणी आहे त्यानं हा आकडा कधी काढलाच नव्हता.

अटलांटिकच्या पलीकडे

अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या व्हाइनलँड गावात बौद्धिक अक्षम मुलांची एक मोठी निवासी संस्था होती. तिथले संशोधक हेन्री गॉडार्ड १९०८ मध्ये युरोपात गेले आणि बिने यांची चाचणी घेऊन परतले. त्यांनी तिचा वापर केला तो मात्र वेगळ्याच कामासाठी. बिने विचारत होते, या मुलाला कशी मदत करू? गॉडार्ड विचारू लागले, या माणसांपासून समाजाला कसं वाचवू?

१९१० मध्ये त्यांनी ग्रीक शब्दावरून 'मोरॉन' हा नवा शब्द तयार केला. आज आपण कमेंटमध्ये शिवी म्हणून सहज टाकतो ना, तो एकेकाळी डॉक्टरी शब्द होता. १९१२ मध्ये त्यांचं एक पुस्तक आलं आणि प्रचंड गाजलं. त्यात 'डेबोरा' हे टोपणनाव दिलेली एक मुलगी होती. ती आठ वर्षांची असताना या संस्थेत आली होती. तिच्या खानदानाचा इतिहास सांगून गॉडार्ड यांनी दावा केला की मंदबुद्धी, गुन्हेगारी, दारू हे सगळं रक्तातून येतं. तो दावा पुढे पार कोसळला. डेबोरा मात्र बाहेर आली नाही. ती वाचायची, सुंदर भरतकाम करायची, आजारी लोकांची शुश्रूषा करायची. १९७८ मध्ये ती वारली, तेव्हा तिनं सुमारे ८१ वर्षं संस्थांमध्ये काढली होती.

एक मिनिट थांबून विचार करा. ८१ वर्षं.

या विचारातून कायदे झाले. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतांनी कॅरी बक नावाच्या तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला परवानगी दिली. कारण काय, तर ती, तिची आई आणि तिची तान्ही मुलगी, तिघी मंदबुद्धी आहेत. ती तान्ही मुलगी पुढे शाळेत गेली आणि तिचं नाव गुणवंतांच्या यादीत लागलं. आठ वर्षांची असताना आजारपणात ती गेली. अमेरिकेत अशा कायद्यांखाली ६० हजारांहून जास्त लोकांची नसबंदी झाली.

जर्मनीत नाझींनी जुलै १९३३ मध्ये असाच कायदा केला, आणि त्यातलं पहिलं कारण होतं 'जन्मजात मंदबुद्धी'. सुमारे चार लाख लोकांची नसबंदी झाली. १९३९ पासून तर अशा लोकांना संस्थांमधून बसमध्ये घालून नेऊन मारायला सुरुवात झाली. ऑगस्ट १९४१ पर्यंत ७० हजारांहून जास्त माणसं गॅसनं मारली गेली. यातल्या कित्येकांच्या फायलीतही असाच एखादा चाचणीचा कागद होता.

आणि गॉडार्ड? १९२८ मध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं की आपलं चुकलं होतं. अशा बहुतेक लोकांना शिकवता येतं आणि त्यांना समाजापासून वेगळं ठेवायची गरज नाही. पण तोवर आकडा त्यांच्या हातातून सुटला होता.

आई-बाप कोर्टात जातात

आता थोडं पुढे येऊ. पेनसिल्व्हेनिया, १९७१. त्या राज्यात नियम होता की ज्या मुलाचं मानसिक वय पाच झालेलं नाही, त्याला सरकारी शाळा नाकारू शकते. मूल खरं दहा वर्षांचं का असेना! हे वाचलं आणि मला आत्याच्या पेटीतला 'साडेतीन वर्षं' लिहिलेला कागद आठवला.

बौद्धिक अक्षम मुलांच्या पालकांच्या संघटनेनं राज्याला कोर्टात खेचलं. तज्ज्ञांनी कोर्टाला सांगितलं की प्रत्येक मूल काही ना काही शिकू शकतं. कुणी वाचायला शिकेल, कुणी स्वतःच्या हातानं जेवायला. राज्य सरकारनं फार काळ लढा दिला नाही, तडजोड केली. दारं उघडली. चारच वर्षांत, १९७५ मध्ये, संपूर्ण अमेरिकेसाठी कायदा झाला की अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला मोफत सरकारी शिक्षण मिळालंच पाहिजे.

दोन वर्षांनी इटलीनं आणखी मोठं पाऊल टाकलं. १९७७ च्या कायद्यानं तिथल्या सरकारी शाळांमधले वेगळे वर्गच बंद केले. असं मूल ज्या वर्गात असेल तिथे २० पेक्षा जास्त मुलं नकोत आणि मदतीला जादा शिक्षक हवा, अशी व्यवस्था केली. 'सगळ्यांना एकत्र बसवणं कसं शक्य आहे?' असं कुणी म्हणालं तर हे लक्षात ठेवा. एक आख्खा देश जवळपास ५० वर्षं हे करतोय. अडचणी तिथेही आहेत, पण शाळा काही बंद पडल्या नाहीत.

आणि आपल्याकडे?

इंग्रजांच्या १९१२ च्या कायद्यात 'वेडा' या शब्दाच्या व्याख्येतच बौद्धिक अक्षम माणूस घातलेला होता. म्हणजे मानसिक आजार आणि बौद्धिक अक्षमता एकच. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा येईपर्यंत कागदावर हेच चालू होतं. बोलण्यात तर अजूनही चालू आहे. 'वेडा आहे तो, जाऊ दे', हे वाक्य मी दादाबद्दल किती वेळा ऐकलंय त्याची गणती नाही. आजारावर औषध असतं. दादा आजारी नाहीये. त्याला शिकायला वेळ लागतो, एवढंच.

अशा मुलांना कुठलीच शाळा घेत नव्हती तेव्हा काही लोकांनी स्वतः शाळा काढल्या. मुंबईतली जय वकील शाळा १९४४ ची, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधीची. खास शाळांना नावं ठेवणं आज सोपं आहे, पण त्या काळात त्याच एक आधार होत्या.

आता कामत. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कानडी आणि मराठी मुलांसाठी बिने यांची चाचणी नव्यानं बसवली. परदेशी मुलांचे प्रश्न आपल्या मुलांना विचारणं बरोबर नाही, हे त्यांनी ओळखलं. धारवाडच्या भागात हे काम झालं आणि १९४० मध्ये त्यावरचं त्यांचं पुस्तक आलं. तीच ही बिने-कामत. आजही आपल्याकडे वापरली जाते.

१९६४-६६ च्या कोठारी आयोगानं स्पष्ट म्हटलं होतं की अपंग मुलांचं शिक्षण हा सर्वसाधारण शिक्षणाचाच भाग असला पाहिजे. कागदावर आपण मागे नव्हतो. माणसांच्या मनात काय होतं ते मात्र १९९४ मध्ये दिसलं.

त्या वर्षी फेब्रुवारीत शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या बौद्धिक अक्षम मुली आणि तरुणींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशयं काढण्यात आली. कारण सांगितलं गेलं की पाळीच्या दिवसांत त्यांना स्वतःची स्वच्छता ठेवता येत नाही. महिला संघटनांनी आवाज उठवला, पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. पण वाद पेटला, आणि 'यात चुकलं काय?' असं विचारणारेही भरपूर होते. त्याच वर्षी जूनमध्ये स्पेनमधल्या सालामांका शहरात ९२ देशांच्या प्रतिनिधींनी एकत्र येऊन जाहीर केलं की सगळ्या मुलांची शाळा एक असली पाहिजे. एकच वर्ष. चार महिन्यांचं अंतर.

पुढे कायदे आले. १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदा. एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा. आणि २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा. आज सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळा अपंगत्वाच्या कारणावरून प्रवेश नाकारू शकत नाही. ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पालकांच्या पसंतीच्या खास शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. १९९१ मध्ये आत्याला जे उत्तर मिळालं, ते आज बेकायदा आहे. तुमच्या ओळखीत कुणाला असं उत्तर मिळालं तर त्यांना हे नक्की सांगा.

दुकानदाराचा प्रश्न

आता शेवटचा मुक्काम, नागपूर. व्हाइनलँडची ती संस्था आठवते ना? गॉडार्ड यांच्यानंतर तिथे एडगर डॉल आले. त्यांना वाटलं, नुसते कोडी-प्रश्न विचारून माणूस कळत नाही. तो रोजच्या जगण्यात काय करतो ते बघा. १९३५ मध्ये त्यांनी वेगळी मोजपट्टी काढली. नागपूरचे फादर ए. जे. मालिन यांनी ती पुढे भारतासाठी बसवली, ८९ प्रश्नांची. आज आपल्याकडे प्रमाणपत्र देताना बुद्ध्यांकाबरोबर हीही बघतात.

हिच्यातले प्रश्न वाचताना मी अडकलो. स्वतः कपमधून पितो का? एकटा आसपास फिरतो का? दुकानातून छोट्या वस्तू विकत आणतो का?

दादा आणतो. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून दूध, बिस्किटं, कधी कधी माझ्यासाठी चॉकलेट. पण हे त्याला कसं जमलं? आत्या म्हणाली, "पहिले सहा महिने मी मागे लांब उभी राहायचे. दुकानदारकाका इतर गिऱ्हाइकांना थांबवायचे आणि त्याला सुट्टे पैसे मोजायला वेळ द्यायचे. एकदासुद्धा म्हणाले नाहीत की आईला पाठव."

म्हणजे बघा, 'दुकानातून वस्तू आणतो का' याचं उत्तर 'हो' आलं, त्यात निम्मे मार्क दुकानदाराचे आहेत. तो जर ओरडला असता तर उत्तर 'नाही' आलं असतं, आणि कागदावर ते दादाच्या नावावर लिहिलं गेलं असतं. शाळेचंही तसंच. १९९१ मध्ये कागदावर दादाचं मानसिक वय लिहिलं होतं. शाळेची तयारी किती, बाकीच्या पालकांची समज किती, हे कुणी मोजलं नाही.

१२० वर्षं आपण एकाच बाजूला मोजपट्टी लावत आलोय. मला वाटतं, या सगळ्या इतिहासातून घ्यायचं ते हेच.

आणि मी कुठे होतो ते पण सांगतो, नाहीतर हे सगळं फुकटचं भाषण होईल. मी पाचवीत असताना एकदा डबा विसरलो. दादा तो घेऊन शाळेच्या फाटकाशी आला. एकोणीस-वीस वर्षांचा, उंच, मोठ्यानं माझं नाव घेत हसत होता. मित्रांनी विचारलं, "कोण रे हा?" मी म्हणालो, "आमच्या बिल्डिंगमधला आहे." त्यानं ऐकलं असावं. तो काही बोलला नाही. डबा देऊन गेला.

त्या रविवारी कार्डासाठी फोटो हवा होता म्हणून मी दादाला घेऊन फोटो स्टुडिओत गेलो. तिथल्या मुलानं कॅमेरा लावला आणि मला विचारलं, "यांचं नाव काय लिहू?"

मी म्हणालो, "त्यालाच विचारा ना. माझा मोठा भाऊ आहे तो."

दादानं नाव सांगितलं. मग आडनाव. मग विचारलं नसताना पत्तासुद्धा. थोडा वेळ लागला. मागे दोघं जण थांबले होते. थांबले, काही बिघडलं नाही.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या वर्गात, वाडीत, सोसायटीत असं कुणी असेल तर या आठवड्यात त्याच्याशी थेट बोलून बघा, त्याच्या आईमार्फत नको. आणि हा भाग एखाद्या शिक्षकाला पाठवता आला तर जरूर पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.